पडद्यावरचे क्षितिज



एका विज्ञानशिक्षकाच्या स्मरणार्थ चालणाऱ्या या व्याख्यानमालेत विमानातल्या पडद्यांवर बोलतो, असे मीच संयोजकांना सुचवले. मी हवाई दलात इन्स्ट्रुमेंट फिटर होतो. वैमानिकासमोरच्या तबकड्या उतरवायच्या, उघडायच्या, तपासायच्या आणि पुन्हा जागेवर बसवायच्या, हे माझे काम. उद्या याच तबकडीकडे पाहून कुणीतरी ढगात शिरणार आहे, ही जाणीव त्या कामात हातापासून कधी सुटत नाही. आणि आता हा विषय आपल्या वऱ्हाडाच्या दारात येऊन उभा आहे.

१६ एप्रिल २०२५ रोजी बेलोऱ्याच्या विमानतळावर मुंबईहून अलायन्स एअरचे एटीआर ७२ उतरले आणि अमरावतीची प्रवासी विमानसेवा सुरू झाली. त्या दिवशीचा आनंद आपण सगळ्यांनी अनुभवला. मला मात्र त्याहून मोठी वाटते ती दुसरी गोष्ट. एअर इंडियाने बेलोऱ्याला वैमानिक प्रशिक्षण संस्था उभारण्याचे २०२४ मध्ये जाहीर केले. दर वर्षी १८० वैमानिक तयार करण्याची ती योजना आहे आणि त्यासाठी ३४ विमाने मागवल्याचेही पुढे जाहीर झाले: एका इंजिनाची ३१ पायपर आर्चर डीएक्स आणि दोन इंजिनांची ३ डायमंड डीए४२. या दोन्ही विमानांत गार्मिनच्या जी१००० घराण्यातले पडदे बसवलेले असतात. याउलट, डॉ. विष्णू माधव घाटगे यांनी घडवलेले एचटी-२ हे प्रशिक्षण विमान १९५१ मध्ये पहिल्यांदा उडाले. त्या विमानावर भारतीय वैमानिकांच्या कितीतरी तुकड्या शिकल्या आणि त्यांच्यासमोर काट्यांच्या गोल तबकड्या होत्या. इथे शिकणाऱ्या मुलामुलींसमोर पहिल्या दिवसापासून दोन मोठे पडदे असतील. एकावर क्षितिज, वेग, उंची. दुसऱ्यावर सरकता नकाशा.

हा बदल चांगला आहे, हे आधीच सांगतो. पण पडदा किती गोष्टी दाखवतो, यावरून त्याची किंमत ठरवणे मला मान्य नाही. तो चुकतो तेव्हा त्याची चूक वैमानिकाला दिसते का, आणि त्या क्षणी आपण कुठे आहोत, कसे आहोत हे वैमानिकाला स्वतःच्या बळावर उमगते का, यावर त्या रचनेची परीक्षा व्हायला हवी. आजच्या व्याख्यानात मला एवढेच मांडायचे आहे.

आधी शरीराबद्दल. आपला तोल कानाच्या आतल्या भागात सांभाळला जातो. तिथे तीन अर्धवर्तुळाकार नलिका आहेत, त्यांत द्रव आहे. डोके वळले की द्रव मागे राहतो, त्यामुळे बारीक केसांसारखे तंतू वाकतात आणि मेंदूला कळते, वळलो. जमिनीवर चालणाऱ्या, धावणाऱ्या, झाडावर चढणाऱ्या प्राण्यासाठी ही व्यवस्था उत्तम आहे. विमानात ती फसते. वळण एकाच गतीने चालू राहिले तर वीसेक सेकंदांच्या आत द्रवही नलिकेच्या वेगाने फिरू लागतो, तंतू सरळ होतात आणि मेंदूला वाटते, आपण सरळ चाललो आहोत. विमान फार हळू कलंडले, सेकंदाला दोनेक अंशांपेक्षाही हळू, तर कानाला ते मुळीच कळत नाही. मग वैमानिक भानावर येऊन विमान झटकन सरळ करतो तेव्हा तोच कान सांगतो, आता तू दुसऱ्या बाजूला कलंडलास. ही फसगत अनुभवी माणसालाही चुकत नाही. अनुभवाने तिला न जुमानणे तेवढे जमते.

दिवसा, स्वच्छ हवेत डोळे या कानाला दुरुस्त करत राहतात. बाहेर क्षितिज दिसते. ते गेले की काय होते, याचा एक प्रयोग १९५४ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात झाला. उपकरणांवर उडण्याचा सराव नसलेल्या २० जणांना बाहेरचे काही दिसू न देता उडवले. सगळ्यांचा ताबा सुटला. कुणाचा २० सेकंदांत, कुणाचा ४८० सेकंदांत; सरासरी १७८ सेकंद. विमान चालवता येणारी, धडधाकट, शहाणी माणसे होती ती.

म्हणून क्षितिज विमानाच्या आत आणावे लागले. २४ सप्टेंबर १९२९ रोजी न्यूयॉर्कजवळच्या मिचेल फील्डवर जिमी डूलिटल यांनी झाकलेल्या कॉकपिटमधून उड्डाण केले, फेरी मारली आणि ते विमान उतरवले. त्यांच्यासमोर स्पेरी कंपनीचे कृत्रिम क्षितिज होते. तत्त्व सोपे आहे. वेगाने फिरणारे जड चाक आपला आस सोडत नाही. विमान त्याच्याभोवती कलते, चाक तसेच राहते आणि त्या दोघांतला फरक तबकडीवर दिसतो. मी असले जायरो खोलले आहेत. मिनिटाला वीस हजारांहून अधिक फेरे घेणारे ते चाक थांबताना किती वेळ घेते, ते हातात धरून पाहिलेल्या माणसाला त्याच्याबद्दल आदर वाटल्याशिवाय राहत नाही. बेअरिंग झिजले की ते डगमगू लागते आणि शेवटी लोळण घेते. आमच्या बोलीत त्याला ‘टॉपल होणे’ म्हणत. मोठ्या विमानांत जायरो दुसरीकडे बसवलेला असे आणि वैमानिकासमोरच्या तबकडीला त्याचा विजेचा संदेश मिळे. त्या तबकडीला आम्ही एडीआय म्हणत असू. जायरो ठणठणीत आणि तबकडी अडकलेली, असेही होऊ शके.

आता मुंबईची ती रात्र. १ जानेवारी १९७८. एअर इंडियाचे पहिले बोइंग ७४७, ‘सम्राट अशोक’, सांताक्रूझहून दुबईला निघाले. आत १९० प्रवासी आणि २३ कर्मचारी. रात्रीचे आठ वाजून गेले होते. विमान धावपट्टीवरून पश्चिमेला, समुद्रावर झेपावले. मागे मुंबईचे दिवे, समोर काळोख. समुद्र आणि आकाश यांत भेद करावा असे काही बाहेर नव्हते. विमानाने उजवीकडे ठरलेले वळण घेतले आणि ते पुन्हा सरळ झाले. कॅप्टनसमोरचे कृत्रिम क्षितिज मात्र सरळ झाले नाही. ते उजवा कल दाखवत राहिले. कॅप्टनने तो कल काढण्यासाठी विमान डावीकडे घेतले. क्षितिज हलेना. त्याने आणखी डावीकडे घेतले. विमान डावीकडे १०८ अंशांपर्यंत कलंडले, म्हणजे पंख उभे होऊन त्याच्याही पलीकडे गेले, आणि नाक खाली करून वांद्र्यासमोर समुद्रात कोसळले. धावपट्टी सोडल्यापासून १०१ सेकंद झाले होते. २१३ पैकी कुणीही वाचले नाही.

या १०१ सेकंदांतला एक भाग मला वर्षानुवर्षे छळत आला आहे. विमानात क्षितिज दाखवणाऱ्या तीन तबकड्या होत्या. कॅप्टनची बिघडलेली. सहवैमानिकाची बहुधा नीट चालत होती आणि ती डावीकडचा भयंकर कल खरा दाखवत होती. पण आपल्या उपकरणाचे काहीतरी झाले आहे, असे कॅप्टन म्हणाला तेव्हा सहवैमानिकालाही वाटले की आपलीही तबकडी टॉपल झाली. एवढा कल खरा असू शकतो, यावर कुणाचा विश्वास बसेल? कानाला तर काहीच वेगळे जाणवत नसणार. तिसरी, राखीव तबकडी मधल्या पॅनेलवर होती. फ्लाइट इंजिनिअरला फरक दिसला. त्याने कॅप्टनला सावध केले, पण तेव्हा हातात पाचेक सेकंद उरली होती.

भारतीय चौकशीने निष्कर्ष काढला तो असा: कॅप्टनचे उपकरण बिघडल्याने त्याला विमानाच्या स्थितीचे भान राहिले नाही, त्यातून त्याने चुकीचे नियंत्रण दिले आणि बाकीच्या उपकरणांच्या आधारे विमान सावरता आले नाही. उपकरणे व विमान बनवणाऱ्यांवरचे निष्काळजीपणाचे आरोप १९८५ मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयाने फेटाळले. कायद्याच्या दृष्टीने तो विषय तिथे संपला. फिटर म्हणून माझ्यासाठी संपला नाही. कारण अडकलेली तबकडी आणि चालती तबकडी दिसायला अगदी सारख्या असतात. काचेमागे तोच निळा-तपकिरी गोळा, तेच छोटे विमान. तीन तबकड्यांतली कोणती खरी, हे ठरवायचे तर माणसाने अंधाऱ्या कॉकपिटमध्ये तीन जागी नजर फिरवायची, तीन चित्रांची तुलना करायची, ज्या दोन जुळतात त्यांचे मानायचे आणि स्वतःच्या समोरच्याला खोटे ठरवायचे, तेही काही सेकंदांत. एवढी मोठी जबाबदारी त्या रचनेने माणसावर टाकली होती. त्या माणसाला नुसता ‘चुकला’ म्हणून मोकळे होणे मला जमत नाही.

चित्र कसे काढायचे, हा प्रश्नही दिसतो तितका साधा नाही. पाश्चात्त्य विमानांतल्या कृत्रिम क्षितिजात मधले छोटे विमान स्थिर असते आणि क्षितिजाची रेघ कलते, म्हणजे खिडकीतून दिसावे तसे. विमान उजवीकडे कलले तर रेघ डावीकडे झुकलेली दिसते. सोव्हिएत परंपरेत उलट: क्षितिज आडवे, छोटे विमानच कलते, म्हणजे मागून दुसऱ्या विमानातून पाहावे तसे. नवख्या माणसाला ही दुसरी पद्धत लवकर कळते, असे अनेक प्रयोगांत दिसले आहे. तरीही जगाने पहिली पद्धत धरली आणि लाखो तासांच्या सवयीवर ती आता पक्की बसली आहे. धोका असतो तो सवय बदलताना. १४ सप्टेंबर २००८ रोजी रशियातल्या पर्म शहराजवळ बोइंग ७३७ कोसळून ८८ माणसे मेली. रात्र, ढग, दमलेला वैमानिक आणि आयुष्याची जडणघडण सोव्हिएत पद्धतीच्या क्षितिजावर झालेली. पाश्चात्त्य क्षितिजावरचे त्याचे प्रशिक्षण अपुरे होते, हे तिथल्या तपासात नोंदवले गेले. शांतपणे विचार करायला वेळ असता तर त्याला दोन्ही चित्रे वाचता आली असती. घाबरलेल्या क्षणी हात जुन्या चित्राप्रमाणे वळतो.

‘वैमानिकाची चूक’ या शब्दांकडे पहिल्यांदा कुणी संशयाने पाहिले, ते सांगतो. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ मध्ये, अमेरिकन हवाई दलाच्या राइट फील्डवरच्या प्रयोगशाळेत पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स या मानसशास्त्रज्ञांनी वैमानिकांना विचारले की उपकरण वाचताना तुमची किंवा तुमच्या डोळ्यांदेखत दुसऱ्याची चूक झाली असेल तर ती जशीच्या तशी सांगा. २७० किस्से जमले. त्यांत पुन्हा पुन्हा येणारी एक चूक होती: तीन काट्यांचा उंचीमापक वाचताना हजार फुटांची किंवा दहा हजार फुटांची गफलत. एक काटा शेकड्याचा, एक हजाराचा, एक दहा हजारांचा. माणसे निरनिराळी, विमाने निरनिराळी, चूक एकच. तेव्हा दोष माणसात शोधायचा की त्या तीन काट्यांत? या कामातून पुढे तबकड्यांची जागा ठरली, काटे कमी झाले, मधोमध क्षितिज, डावीकडे वेग, उजवीकडे उंची, खाली दिशा अशी मांडणी जगभर रूढ झाली. आज जी१००० च्या पडद्यावरही तीच मांडणी आहे. फिट्सची ही देणगी बेलोऱ्याच्या प्रत्येक विद्यार्थ्यासमोर असेल.

पडदे आले म्हणून जुन्या चुका संपल्या नाहीत. त्यांनी नवे रूप घेतले. २० जानेवारी १९९२. फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गला उतरू पाहणारे एअरबस ए३२० रात्री डोंगराला धडकले, ८७ जण गेले. उतरण्याचा कोन सांगायचा असो की उतरण्याचा वेग, दोन्हींसाठी एकच खटका आणि एकच खिडकी. कोन ३.३ अंश असेल तर खिडकीत ‘-३.३’ दिसे. मिनिटाला ३,३०० फूट उतरायचे असेल तर ‘-३३’. मधे एक टिंब. तपासकांना सर्वांत संभवनीय वाटले ते असे की वैमानिकांना ३.३ अंशांचा कोन हवा होता आणि विमान मिनिटाला ३,३०० फुटांनी, म्हणजे चौपट वेगाने खाली जात होते. अंधारात, ढगांत, शरीराला फरक कळला नाही. पुढे एअरबसने वेग चारही आकड्यांत दाखवायला सुरुवात केली. चार आकडे! एवढ्या लहान बदलाने किती डोंगर टळले असतील, ते कधीच मोजता येणार नाही.

मी पडद्यांचा विरोधक नाही, हे मी पुन्हा सांगतो, कारण डोंगरांच्याच बाबतीत पडद्याने केलेले उपकार अफाट आहेत. २० डिसेंबर १९९५ ला कोलंबियातल्या कालीजवळ बोइंग ७५७ दरीतून भरकटत डोंगरावर गेले, १५९ माणसे मेली. वैमानिकांना आपण नकाशावर नेमके कुठे आहोत याचे भानच उरले नव्हते. त्या सुमारास डॉन बेटमन या अभियंत्याच्या चमूने जगाच्या जमिनीच्या उंचीचा संग्रह विमानात भरून पुढचा डोंगर आधीच ओळखणारी यंत्रणा तयार केली. पडद्यावर तो डोंगर हिरवा, पिवळा, लाल होत जवळ येतो. ती यंत्रणा बसवलेल्या विमानांत धडधाकट अवस्थेत डोंगरावर आदळण्याचे प्रकार विलक्षण घटले. विमानसुरक्षेच्या इतिहासात एवढा मोठा फरक एकट्या उपकरणाने क्वचितच पडला असेल.

मग लहान विमानांत हे पडदे आल्यावर काय झाले? अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१० मध्ये याचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका इंजिनाच्या आठ हजारांहून अधिक लहान विमानांची त्यांनी तुलना केली. पडदे असलेल्या विमानांचे एकूण अपघात कमी होते, पण जीवघेण्या अपघातांचे प्रमाण जास्त होते. पडद्यामुळे माणसे मेली, असा अर्थ यातून काढू नये. ही विमाने लांबच्या प्रवासाला, वाईट हवेत जास्त नेली जात होती. पण मंडळाने प्रशिक्षणाबद्दल स्पष्ट शब्दांत सांगितले: हे पडदे एकमेकांपासून इतके वेगळे आहेत, आणि बिघडताना इतक्या वेगळ्या तऱ्हेने बिघडतात, की त्या त्या पडद्याचे खास शिक्षण दिल्यावाचून भागणार नाही.

तांत्रिक बाजूने पाहिले तर जी१००० सारख्या पडद्यात दोन गोष्टी मला मनापासून आवडतात. एक, क्षितिजाची रेघ. जुनी तबकडी तीन इंचांची. इथे ती रेघ दहा इंची पडद्यावर आरपार जाते, त्यामुळे नजर दुसरीकडे असतानाही कोपऱ्यातून कल जाणवतो. दुसरी, बिघाड कबूल करण्याची सोय. जायरोकडून येणारी माहिती बंद झाली किंवा तिच्यात संगणकाला दोष आढळला, तर क्षितिज पुसले जाते आणि त्या जागी लाल फुली येते. १९७८ च्या त्या कॅप्टनला अशी एक लाल फुली मिळाली असती तर!

पण तिसरी गोष्ट आवडत नाही. काट्याच्या तबकडीवर काटा कुठे आहे ते न वाचताही कळते. वेग कमी होतोय हे काट्याच्या झुकावावरून जाणवते. पडद्यावरची वेगाची पट्टी वर-खाली सरकते, मधे आकडा बदलतो. तो वाचावा लागतो. थकलेल्या मेंदूला वाचणे जड जाते. पट्टीशेजारी रंगाच्या खुणा आणि पुढच्या काही सेकंदांनी वेग किती होईल ते दाखवणारी रेघ असते, तिची खूप मदत होते. तरी शिक्षकाने या फरकाबद्दल विद्यार्थ्याशी मोकळेपणाने बोलायला हवे.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सरकता नकाशा. तो दोन प्रकारे लावता येतो. विमानाचे नाक नेहमी वर, आणि खालचे जग त्याच्याभोवती फिरते. किंवा उत्तर नेहमी वर, आणि विमान नकाशावर फिरते. पहिल्या प्रकारात डावे-उजवे पटकन कळते, हाताला सोपे. दुसऱ्या प्रकारात वळणे मनात फिरवून घ्यावी लागतात, ते थोडे कष्टाचे. पण त्यामुळे सगळ्या प्रदेशाचे चित्र डोक्यात बसते. इलिनॉयचे ख्रिस्तोफर विकन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर वर्षानुवर्षे प्रयोग केले. त्याच गटाने आणखी एक गोष्ट दाखवली: पडद्यावर आकाशात बोगद्यासारखा मार्ग आखून दिला आणि खालचे डोंगर-दऱ्या रंगवून दाखवल्या की वैमानिक मार्ग अचूक पाळतो, पण पडद्यावर नसलेली आणि खिडकीबाहेर असलेली वस्तू त्याच्या नजरेतून सुटू शकते. चित्र जितके सुंदर, तितकी नजर त्यात अडकते.

हा नकाशा उपग्रहांच्या संकेतांवर चालतो. अमृतसर आणि जम्मूच्या हवाई क्षेत्रात खोटे संकेत पाठवून विमानांचे जीपीएस चुकवण्याचे प्रकार झाल्याचे सरकारने संसदेत सांगितले आहे. खोटा संकेत मिळालेला पडदा लाल फुली दाखवेलच असे नाही. तो तितक्याच स्वच्छ रंगांत, तितक्याच आत्मविश्वासाने विमान भलतीकडे दाखवू शकतो, नसलेल्या डोंगराचा इशाराही देऊ शकतो. मुंबईच्या समुद्रावरची अडकलेली तबकडी आणि हा बिनचूक दिसणारा खोटा नकाशा, दोन्हींमध्ये चाळीस-पंचेचाळीस वर्षांचे तंत्रज्ञान आहे. धोका मात्र तोच आहे. खोटी माहिती खऱ्याच्या वेशात समोर येते.

यावर उपाय माणसाच्या डोक्यातला नकाशा. आणि तो तयार करायला आपल्या वऱ्हाडासारखी जागा नाही, हे मी प्रादेशिक अभिमानाने म्हणत नाही. बेलोऱ्याहून अकोल्याचा शिवणी विमानतळ सरळ रेषेत साधारण ७० किलोमीटर. लहान विमानाला वीसेक मिनिटे. निघाल्यावर बडनेऱ्याहून जाणारी मुंबई-हावडा रेल्वे उजव्या हाताला राहते, मूर्तिजापूरच्या आसपास ती विमानाखाली येते. तिथून अचलपूरकडे आणि यवतमाळकडे फुटणाऱ्या शकुंतला रेल्वेच्या जुन्या वाटा बारीक रेघांसारख्या. उजवीकडे दूर गाविलगडच्या डोंगरांची अखंड भिंत, चिखलदऱ्याची उंची समुद्रसपाटीपासून ११०० मीटरच्या आसपास. ती भिंत उजवीकडे आहे म्हणजे तोंड पश्चिमेला आहे, एवढे पुरते. तिच्या अलीकडे पूर्णेचे सपाट खोरे आणि खारपाणपट्टा. पुढे काटेपूर्णा ओलांडली की अकोला जवळ आले. शहराच्या पलीकडे, स्वच्छ हवेत, पारसच्या वीजकेंद्राच्या चिमण्या. दक्षिणेला समृद्धी महामार्गाची लांबच लांब रेघ. ज्या मुलाला हे सगळे तोंडपाठ आहे, त्याच्या पडद्यावरचे विमान उद्या अचानक वाटेबाहेरच्या मोर्शीवर दिसू लागले, तर त्याला एका क्षणात कळेल की पडदा चुकतोय.

याच प्रदेशाची दुसरी बाजूही त्याला माहीत असायला हवी. वैशाखात पारा ४५ च्या पुढे गेला की हवा विरळ होते, विमान रेंगाळत वर चढते, आणि धूळ एवढी असते की क्षितिजच पुसट होते. मृगाचे ढग खाली उतरले की मेळघाटाची ती भिंत दिसेनाशी होते, जागेवरून मात्र हलत नाही. अंधाऱ्या रात्री शेतशिवारात विखुरलेले दिवे आणि आभाळातल्या चांदण्या एकमेकांत मिसळतात; शेतातल्या दिव्यांची तिरपी ओळ क्षितिज वाटू शकते. अंधाऱ्या मुलखापलीकडे धावपट्टीचे एकटे दिवे दिसले की वैमानिकाला आपण उंच आहोत असे वाटून तो खाली खाली येतो. बोइंगच्या कॉनरॅड क्राफ्ट यांनी हा भास प्रयोगांनी उलगडून दाखवला होता. बेलोरा आणि शिवणी दोन्हींच्या भोवती असा अंधार आहे.

म्हणून माझी काही मागणी आहे, आणि ती मी या व्यासपीठावरून जाहीरपणे करतो. व्यावसायिक परवान्यासाठी आपल्याकडे २०० तासांचे उड्डाण लागते. त्यातल्या सुरुवातीच्या दूरच्या फेऱ्या नकाशाचा पडदा झाकून व्हाव्यात. कागदी नकाशा मांडीवर, घड्याळ हातावर, शिक्षक शेजारी. सिम्युलेटरमध्ये लाल फुली येणारे बिघाड शिकवतातच. त्याच्या जोडीने लाल फुली न येणारे बिघाडही शिकवावेत. क्षितिज हळूच गोठवावे, नकाशा हळूच पाच किलोमीटर सरकवावा, काहीही न सांगता. विद्यार्थ्याने राखीव उपकरणाशी, होकायंत्राशी, घड्याळाशी, खिडकीबाहेरच्या जमिनीशी ताडून तो पकडावा. पकडायला किती सेकंद लागली ते लिहून ठेवावे. त्या सेकंदांवर शिक्षकाने विद्यार्थ्याशी बोलावे, त्याला त्यावरून नापास करू नये.

दुसरी मागणी आपल्याकडे, अमरावती-अकोल्याकडे आहे. संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठ इथे आहे, शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय इथे आहे. आजवर पडद्यांची रचना दूरच्या देशांत होत आली, आपण ती वापरत आलो. ज्या गावात दर वर्षी दीड-दोनशे तरुण हे पडदे पहिल्यांदा वाचायला शिकणार आहेत, त्या गावात पडदा वाचताना माणूस कुठे चुकतो याचा अभ्यास करण्याची संधी आपोआप मिळाली आहे. यासाठी मोठी प्रयोगशाळा लागत नाही. मानसशास्त्राचे, संगणकशास्त्राचे, अभियांत्रिकीचे दोन-चार प्राध्यापक, प्रशिक्षण संस्थेची संमती आणि विद्यार्थ्याचे नाव कुठेही न लिहिण्याची पक्की हमी पुरे. प्रत्येक उड्डाणानंतर विद्यार्थ्याने मराठीत, हिंदीत, त्याला जमेल त्या भाषेत तीन ओळी लिहाव्यात: पडद्यावर कुठे पाहिले, काय वाचले आणि प्रत्यक्षात काय होते. फिट्स आणि जोन्स यांनी त्या वैमानिकांना साधारण हेच विचारले होते, आणि २७० उत्तरांवर तीन काट्यांच्या उंचीमापकाचा दोष उघडा पडला होता.